साडेसात फुटांचा याओ मिंग तिसाव्या वर्षीच का थांबला? आणि चीनला दुसरा याओ का मिळाला नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मकाऊला एनबीएचे दोन सराव सामने झाले. ब्रुकलिन नेट्स विरुद्ध फिनिक्स सन्स. तसं बघायला गेलं तर हंगामाआधीचे साधे सामने. ना गुण, ना ट्रॉफी. तरीही जगभर त्यांची बातमी झाली, कारण तब्बल सहा वर्षांनी एनबीएचे संघ चीनच्या भूमीवर खेळत होते.

त्याआधी जून २०२५ मध्ये आणखी एक बातमी आली होती. यांग हानसेन नावाच्या चिनी खेळाडूची एनबीए ड्राफ्टमध्ये सोळाव्या क्रमांकावर निवड झाली आणि तो पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सकडे गेला. पहिल्या फेरीत चिनी खेळाडू निवडला जाण्याची ही २००७ नंतरची पहिलीच वेळ.

या दोन्ही बातम्यांमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. याओ मिंग. हा माणूस २०११ मध्येच निवृत्त झाला. २०२४ मध्ये त्याने चिनी बास्केटबॉल संघटनेचं अध्यक्षपदही सोडलं. तरी चीन आणि बास्केटबॉल हे दोन शब्द एकत्र आले की त्याचा फोटो येतोच.

याओची गोष्ट सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. एक, चिनी पोराने अमेरिका कशी जिंकली. दुसरी, दुखापतींनी एका मोठ्या खेळाडूचा घात कसा केला. दोन्ही खऱ्या आहेत. पण या दोन्हींच्या मधोमध एक प्रश्न आहे, ज्याकडे फारसं बघितलं जात नाही. खेळाडूचं शरीर नेमकं कुणाचं? क्लबचं, देशाचं की त्याचं स्वतःचं?

घरातच बास्केटबॉल

याओचा जन्म १२ सप्टेंबर १९८० चा, शांघायचा. वडील याओ झियुआन आणि आई फांग फेंगदी, दोघंही बास्केटबॉल खेळाडू. आई तर चीनच्या महिला संघाची कर्णधार होती. वडिलांची उंची साडेसहा फुटांपेक्षा जास्त, आईची सव्वासहा फूट. त्यामुळे पोरगं उंच होणार हे उघडच होतं. पण ते किती उंच होईल याचा अंदाज कुणालाच नसावा. याओची उंची थांबली ती साडेसात फुटांवर, म्हणजे २ मीटर २९ सेंटिमीटर.

त्या काळात चीनमध्ये खेळाचा कारभार सरकारी होता. उंच, चपळ मुलं लहानपणीच हेरायची, त्यांना क्रीडा शाळेत घालायचं आणि तिथून क्लब, मग राष्ट्रीय संघ. खेळाडूचं राहणं, खाणं, शिकणं सगळं व्यवस्थेकडे. त्या बदल्यात खेळाडूही व्यवस्थेचा. याओ याच वाटेने शांघाय शार्क्समध्ये आला.

चीनच्या लीगमध्ये तेव्हा बायी रॉकेट्सचा दबदबा होता. बायी म्हणजे चिनी सैन्याचा संघ. या शब्दाचा अर्थ ‘आठ-एक’, म्हणजे १ ऑगस्ट, चिनी सैन्याचा स्थापना दिवस. लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरीत बायीकडून हरल्यावर २००२ मध्ये याओच्या शार्क्सने अखेर त्यांना हरवून विजेतेपद मिळवलं. तोवर अमेरिकेतल्या संघांचे लोक त्याला बघायला शांघायला येऊ लागले होते.

ड्राफ्टच्या दिवशी सकाळी मिळाली परवानगी

एनबीएचा ड्राफ्ट आयपीएलच्या लिलावासारखा नसतो. इथे बोली लागत नाही. आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघांमध्ये लॉटरी होते आणि त्यातून ठरलेल्या क्रमाने संघ नवे खेळाडू निवडतात. २००२ मध्ये पहिली निवड ह्यूस्टन रॉकेट्सच्या वाट्याला आली. त्यांना याओ हवा होता. प्रश्न एवढाच होता की चीन त्याला सोडणार का?

या प्रश्नाला एक ताजा संदर्भ होता. २००१ मध्ये वांग झिझी हा एनबीएत खेळणारा पहिला चिनी खेळाडू ठरला होता. तो बायीचा, म्हणजे सैन्याच्या संघाचा. २००२ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघाच्या सरावासाठी मायदेशी परतायचं त्याने टाळलं. परिणाम? राष्ट्रीय संघातून हकालपट्टी. तो चीनला परतला तो थेट २००६ मध्ये, माफी मागून.

याओच्या बाबतीत चिनी अधिकाऱ्यांनी म्हणूनच आधीच अटी घातल्या. राष्ट्रीय संघाने बोलावलं की त्याने यायचं. कमाईतला ठरावीक हिस्सा चीनमधल्या संस्थांना द्यायचा. आणि ह्यूस्टनने त्याला पहिल्याच क्रमांकावर निवडलं तरच तो जाणार. याओच्या बाजूच्या लोकांनी तशी हमी दिल्यावर अंतिम परवानगी आली ती ड्राफ्टच्या दिवशी सकाळी.

अमेरिकन कॉलेजमध्ये न खेळता थेट पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला तो पहिला परदेशी खेळाडू ठरला. पण त्या दिवशी त्याच्या करिअरवर एक नाही, दोन मालकांची सही झाली.

याचा परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. त्या वर्षी तो आधी चीनकडून विश्वचषक खेळला. मग ऑक्टोबरमध्ये बुसानच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत खेळला. तिथून तो ह्यूस्टनला पोहोचला तेव्हा एनबीएचा हंगाम सुरू व्हायला काही दिवसच उरले होते. संघासोबत सराव जवळपास नाहीच.

शून्य गुण, एक पैज आणि एक गाढव

३० ऑक्टोबर २००२. इंडियाना पेसर्सविरुद्ध पहिला सामना. याओचे गुण शून्य, रिबाउंड दोन. टीका सुरू झाली. एकेकाळचा दिग्गज खेळाडू आणि टीव्हीवरचा समालोचक चार्ल्स बार्कलीने तर सहकारी केनी स्मिथसोबत पैजच लावली. या हंगामात एका सामन्यात याओने १९ गुण केले, तर मी तुझ्या पार्श्वभागाचा मुका घेईन.

पहिल्या सामन्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध याओने २० गुण केले. नऊ फटके मारले, नऊच्या नऊ बास्केटमध्ये. इंग्रजीत पार्श्वभागाला आणि गाढवाला एकच शब्द चालतो. त्याचा फायदा घेत स्मिथने स्टुडिओत खरोखरचं गाढव आणलं आणि बार्कलीला त्याच्या पार्श्वभागाचा मुका घ्यावा लागला. ती क्लिप आजही फिरते.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. लेकर्सचा महाकाय सेंटर शकील ओनीलने याओची खिल्ली उडवताना चिनी भाषेची नक्कल केली होती. त्यावर वाद झाला, ओनीलने माफी मागितली. याओने मात्र प्रकरण वाढू दिलं नाही. चिनी भाषा अवघडच आहे, असं म्हणत त्याने हसत विषय संपवला. मग १७ जानेवारी २००३ ला दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले. सुरुवातीलाच याओने ओनीलचे फटके अडवले. सामना अतिरिक्त वेळेत गेला आणि ह्यूस्टनने जिंकला.

त्याच वर्षी ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांनी मतदान केलं. त्या वर्षी पहिल्यांदाच मतपत्रिका इंग्रजीसोबत स्पॅनिश आणि चिनी भाषेतही होती. याओने ओनीलला जवळपास अडीच लाख मतांनी मागे टाकलं. नवखा खेळाडू थेट ऑल-स्टारच्या पहिल्या पाचात.

मतं चीनमधून आली म्हणून तो जिंकला, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. त्यात तथ्य होतं. पण एनबीएला त्यातून हवा तो संदेश मिळाला. चीनमध्ये कोट्यवधी लोक सकाळी टीव्ही लावून अमेरिकेतला रात्रीचा सामना बघत होते. ह्यूस्टन हा बघता बघता चीनचा ‘आपला संघ’ झाला. मग जाहिराती आल्या, प्रायोजक आले आणि २००८ मध्ये ‘एनबीए चायना’ ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली.

पाय का मोडत गेले?

आता आकडे बघू. एनबीएच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. पहिल्या तीन हंगामांत याओ खेळला अनुक्रमे ८२, ८२ आणि ८०. म्हणजे २४६ पैकी फक्त दोन सामने चुकले. साडेसात फूट उंच आणि सुमारे १४० किलो वजनाच्या माणसासाठी हे कौतुकास्पद वाटतं. पण खरी मेख इथेच आहे.

हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिलमध्ये संपतो. त्यानंतर प्ले-ऑफ. मग बाकीचे खेळाडू सुट्टीवर जातात, याओ चीनला जायचा. २००३ ला आशियाई अजिंक्यपद. २००४ ला अथेन्स ऑलिंपिक. २००५ ला पुन्हा आशियाई अजिंक्यपद. २००६ ला जपानमध्ये विश्वचषक. प्रत्येक स्पर्धेआधी राष्ट्रीय संघाचं शिबिर वेगळं. वर्षातले बाराही महिने त्याच पायांवर काम.

अथेन्समध्ये तर त्याने जाहीर केलं होतं की चीन उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला नाही, तर सहा महिने दाढी करणार नाही. चीनने विश्वविजेत्या सर्बिया-माँटेनेग्रोला एका गुणाने हरवलं आणि दाढी वाचली.

पण हाडं वाचली नाहीत. त्यानंतरचं वेळापत्रक असं आहे.

– डिसेंबर २००५: डाव्या पायाच्या अंगठ्याच्या हाडात संसर्ग, शस्त्रक्रिया. एप्रिल २००६ मध्ये डाव्या पावलाचं हाड मोडलं. हंगामात ५७ सामने.
– डिसेंबर २००६: उजव्या गुडघ्याजवळ हाड मोडलं. ४८ सामने.
– फेब्रुवारी २००८: डाव्या पावलात स्ट्रेस फ्रॅक्चर. ५५ सामने.
– २००८-०९: ७७ सामने, पण मे महिन्यात प्ले-ऑफमध्ये पुन्हा डावं पाऊल.
– २००९-१०: एकही सामना नाही.
– २०१०-११: फक्त ५ सामने.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे एका धक्क्यात मोडलेलं हाड नाही. सतत उड्या, धावणं, थांबणं यामुळे हाडाला केसासारख्या बारीक भेगा पडतात. विश्रांती मिळाली की शरीर त्या भेगा बुजवतं. विश्रांतीच मिळाली नाही, तर भेग वाढत जाते. याओच्या प्रत्येक उडीनंतर १४० किलोंचा भार पावलातल्या लहानशा हाडांवर येत होता. भार कमी करता येत नव्हता. मिळू शकत होती ती विश्रांती, आणि तीच मिळत नव्हती.

सगळा दोष राष्ट्रीय संघावर टाकणंही बरोबर नाही. याओची शरीरयष्टी मुळातच दुर्मीळ होती आणि इतक्या उंच खेळाडूंचे पाय एनबीएत नेहमीच कच्चा दुवा ठरले आहेत. ह्यूस्टननेही त्याला सुरुवातीच्या वर्षांत जपून वापरलं नाही. ‘लोड मॅनेजमेंट’, म्हणजे खेळाडूला ठरवून विश्रांती देणं, हा शब्द तेव्हा चलनात नव्हता. आज तो इतका वापरला जातो की मोठे खेळाडू फारच बसतात म्हणून २०२३ मध्ये एनबीएला उलटे नियम करावे लागले. याओच्या काळात ‘खेळता येतंय ना? मग खेळ’ एवढाच हिशोब होता. आणि त्याच्याकडे तो हिशोब मागणारे दोन जण होते.

२००८: बीजिंगला नाही म्हणणं शक्य होतं का?

फेब्रुवारी २००८. ह्यूस्टनने लागोपाठ १२ सामने जिंकले होते आणि नेमकं तेव्हाच याओचं पाऊल गेलं. संघ त्याच्याविना जिंकत राहिला आणि ती मालिका २२ विजयांपर्यंत गेली. पण प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत ह्यूस्टन बाहेर पडलं.

मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक होतं. चीनच्या भूमीवरचं पहिलं ऑलिंपिक आणि देशाचा सर्वांत ओळखीचा चेहरा म्हणजे याओ. तो जुलैमध्ये पुन्हा मैदानात होता.

८ ऑगस्टच्या उद्घाटन सोहळ्यात झेंडा घेऊन तो पुढे चालला. शेजारी लिन हाओ नावाचा नऊ वर्षांचा मुलगा, जो त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या सिचुआन भूकंपातून वाचला होता. एवढा मोठा माणूस आणि एवढंसं पोर, हे त्या ऑलिंपिकमधलं सर्वांत गाजलेलं दृश्य ठरलं. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात पहिली बास्केट याओची होती, तीही तीन गुणांची. सामना अमेरिकेने १०१-७० असा सहज जिंकला, पण चीनने उपांत्यपूर्व फेरी गाठली.

अशा वेळी नाही म्हणणं कागदावर सोपं असतं. याओला खेळायचंच होतं, यात शंका घ्यायचं कारण नाही. देशासाठी खेळणं हे त्याच्यासाठी ओझं नव्हतं, अभिमान होता. पण अभिमानाने हाड जुळत नाही. पाच महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या पायाने ऑलिंपिक खेळायचं आणि त्यानंतर लगेच एनबीएचा हंगाम, हे ठरवताना ‘थांब’ म्हणण्यात कुणाचाच फायदा नव्हता. देशाला झेंडा हवा होता, क्लबला सेंटर, प्रायोजकांना चेहरा.

२००८-०९ मध्ये ह्यूस्टनने प्ले-ऑफची पहिली फेरी ओलांडली. याओच्या काळातली ती पहिलीच वेळ. पुढच्या फेरीत समोर लेकर्स. पहिल्याच सामन्यात कोबी ब्रायंटशी गुडघा आपटला, याओला आत नेत होते, पण तो अर्ध्या वाटेतून परत फिरला आणि २८ गुण करून सामना जिंकूनच थांबला. त्यानंतर दोन सामन्यांनी डाव्या पावलात पुन्हा फ्रॅक्चर निघालं. पुढचं अख्खं वर्ष गेलं.

२०१०-११ मध्ये तो परतला तेव्हा संघाने मर्यादा घातली: ४८ मिनिटांच्या सामन्यात जास्तीत जास्त २४ मिनिटं. विश्रांतीचा विचार अखेर झाला, पण फार उशिरा. पाच सामन्यांनंतर घोट्यात स्ट्रेस फ्रॅक्चर. २० जुलै २०११ ला शांघायमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. वय होतं ३०.

एकूण ४८६ सामने. सरासरी १९ गुण आणि ९.२ रिबाउंड. आठ वेळा ऑल-स्टार. २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तोही शकील ओनीलच्याच सोबत. २०१७ मध्ये ह्यूस्टनने त्याची ११ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली.

खुर्चीवर बसल्यावर काय झालं?

निवृत्तीनंतर याओ गप्प बसला नाही. शांघायच्या विद्यापीठात प्रवेश घेतला आणि सात वर्षांनी, २०१८ मध्ये पदवी पूर्ण केली. शार्कच्या परांचं सूप आणि हस्तिदंत यांच्या विरोधातल्या मोहिमांमध्ये चेहरा दिला. शांघाय शार्क्स हा आपला जुना क्लब तर त्याने खेळत असतानाच, २००९ मध्ये विकत घेतला होता.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तो चिनी बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. एकेकाळी ज्या संघटनेने त्याच्या अमेरिकेला जाण्यावर अटी घातल्या, तिच्याच खुर्चीवर आता तो बसला होता. अपेक्षा प्रचंड होत्या. ज्याने दोन्ही व्यवस्था आतून पाहिल्या, तो माणूस बदल करेल असं सगळ्यांना वाटलं.

त्याने प्रयत्न केलेही. लीगचे सामने वाढवले, म्हणजे तरुणांना खेळायला मिळेल. राष्ट्रीय संघाचे दोन गट केले, लाल आणि निळा, म्हणजे जास्त खेळाडूंना अनुभव मिळेल. महिला बास्केटबॉलमध्ये त्याच्या काळात मोठं यश आलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये थ्री-बाय-थ्री प्रकारात कांस्य, २०२२ च्या विश्वचषकात रौप्य आणि २०२३ मध्ये आशिया चषकाचं सुवर्ण.

पुरुष संघाची गाडी मात्र घसरतच गेली. २०१९ चा विश्वचषक चीनमध्येच झाला. पोलंडकडून अतिरिक्त वेळेत पराभव, मग व्हेनेझुएला, मग नायजेरिया. चीन टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. १९८४ पासून न चुकलेली वारी चुकली. २०२३ च्या विश्वचषकात ३२ संघांत २९ वा क्रमांक आणि पॅरिसचंही तिकीट गेलं. त्याच वर्षी लीगमध्ये ठरवून सामना खेळल्याच्या प्रकरणात दोन संघांना प्ले-ऑफमधून बाद करावं लागलं. त्यातला एक होता शांघाय शार्क्स. ३१ ऑक्टोबर २०२४ ला याओ पदावरून पायउतार झाला.

एक ट्वीट आणि मुंबईतला सामना

याओच्या अध्यक्षपदाच्या काळातला सर्वांत अवघड आठवडा आला ऑक्टोबर २०१९ मध्ये. हाँगकाँगमध्ये आंदोलन पेटलं होतं. ४ ऑक्टोबरला ह्यूस्टन रॉकेट्सचे सरव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी आंदोलकांना पाठिंबा देणारं एक ट्वीट केलं आणि नंतर ते काढूनही टाकलं. पण तोवर चीनमध्ये आग लागली होती. सरकारी वाहिनीने एनबीएचे सामने दाखवणं बंद केलं, प्रायोजक बाजूला झाले. आणि ह्यूस्टनशी सहकार्य थांबवत असल्याचं जाहीर करणाऱ्यांत चिनी बास्केटबॉल संघटना पुढे होती. अध्यक्ष याओ मिंग.

ज्या क्लबने त्याला घडवलं, ज्याला त्याने चीनमध्ये घराघरात नेलं, त्याच्याशीच संबंध तोडायचे. एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी तेव्हा सांगितलं होतं की याओ खूप संतापलेला आहे. मनातून त्याला काय वाटलं, हे तोच जाणे. पण त्या पदावर बसून वेगळी भूमिका घेण्याची मुभा त्याला नव्हती, हे उघड आहे. चीनमधल्या या वादामुळे झालेलं नुकसान ४० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतं, असा अंदाज सिल्व्हर यांनी नंतर दिला. मकाऊच्या सामन्यांना सहा वर्षं लागली ती यामुळेच.

योगायोग बघा. ट्वीट झालं त्याच ४ ऑक्टोबरला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिलेवहिले एनबीए सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. पहिल्या दिवशी स्टेडियम शाळकरी मुलांनी भरलं होतं. म्हणजे एनबीएचा एक आशियाई बाजार बंद पडत असताना दुसऱ्याचं दार उघडत होतं. आणि या दुसऱ्या बाजारातही प्रश्न तोच विचारला जातो: भारताचा याओ मिंग कधी येणार?

भारताला याओ हवाय, पण कशासाठी?

प्रयत्न झाले आहेत. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगची डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवड केली. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याच वर्षी मूळ भारतीय वंशाचा कॅनडाचा सिम भुल्लर किंग्जकडून मोजके सामने खेळला. २०१७ मध्ये एनबीएने दिल्लीजवळ अकादमी सुरू केली.

इथे चीनचा अनुभव उपयोगी पडतो. चीनकडे पैसा होता, सरकारी यंत्रणा होती, क्रीडा शाळा होत्या, कोट्यवधी चाहते होते. तरी याओनंतर यी जियानलियान वगळता एनबीएत बऱ्यापैकी टिकलेला चिनी खेळाडू दाखवता येत नाही. कारण याओने बघणारे तयार केले. खेळणारे तयार व्हायला गल्लोगल्ली कोर्ट, चांगले प्रशिक्षक, वयोगटांच्या स्पर्धा आणि अपयशी ठरलेल्या मुलालाही पुढे जगता येईल अशी सोय लागते. उंच मुलं हेरून वरून एक हिरो घडवायची पद्धत एकदा चालली. खुद्द याओला खुर्चीवर बसूनही ती बदलून टाकता आली नाही.

दुसरा धडा क्रिकेट बघणाऱ्याला लगेच कळेल. जसप्रीत बुमराच्या पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर आणि त्यानंतरची शस्त्रक्रिया आपण पाहिली आहे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच ठरलं होतं, तेव्हा सोशल मीडियावर किती बोललं गेलं! देशासाठी खेळायचं तर अर्धवट कशाला, असा सूर होता. याओच्या वेळी नेमका हाच सूर होता, फक्त त्याच्या बाजूने कुणी वेळापत्रक आखलं नव्हतं.

यांग हानसेन आता पोर्टलंडमध्ये आहे. उंची सात फुटांच्या वर, खांद्यावर एका अख्ख्या देशाची अपेक्षा. त्याला प्रत्येक उन्हाळ्यात राष्ट्रीय संघ बोलावणारच. त्याने गेलंही पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की बोलावणाऱ्या दोघांपैकी एखाद्या उन्हाळ्यात ‘यंदा राहू दे’ असं कोण म्हणणार. याओला ते वेळेत कुणी म्हटलं नाही. तो चीनचा सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू ठरला आणि त्याचं करिअर तिसाव्या वर्षीच संपलं.